अंबाडीची पाटी

मुलाने, सुधीरने, गॅसचा लायटर आपल्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं, त्या दिवसापासून माईंची घरातली अवस्था खातं काढून घेतलेल्या मंत्र्यासारखी झाली. मान होता, येणारेजाणारे पाया पडत होते, पण हाती काही नव्हतं.

कारण अगदी क्षुल्लक होतं. दूध दोनदा उतू गेलं होतं आणि एकदा चहाचं पातेलं जरा जळलं होतं. जरा म्हणजे, भांडी घासायला येणाऱ्या बाईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, यातली आतली बाजू कोणती?" तेवढ्यावर सुधीर माईंना डॉक्टरांकडे घेऊन गेला. सुधीर पतपेढीत कर्जविभागात अधिकारी. कुणावर विश्वास ठेवायचा नाही याचा त्याला पगार मिळतो. डॉक्टरांनी माईंना विचारलं, "आजी, आज तारीख काय?" माई म्हणाल्या, "तुमच्या मागे कॅलेंडर आहे, त्यावर अजून मागचा महिना आहे. तो आधी उलटा, मग विचारा." डॉक्टरांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. माईंची खात्री आहे की त्यांनी 'उद्धट' असं लिहिलं असावं.

घरी आल्यावर लायटर गेला. देवघरातली काडेपेटी गेली आणि तिथे बटणाने लागणारी, खोटी ज्योत हलवणारी समई आली. माई जन्मभर पहाटे पाचला उठणाऱ्या. सून यामिनी उठायची सातला. मधले दोन तास माई स्वयंपाकघरात गॅससमोर खुर्ची टाकून बसायच्या. समोर साखर, समोर चहापत्ती, समोर आलं किसायची किसणी, आणि पेटवायला काही नाही. ज्या बाईने चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेने गप्प केला, तिला स्वतःच्या घरात चहासाठी सुनेच्या जांभईची वाट पाहायला लागावी, यापुढे काही सांगायला नको.

अशात नात रुचिरा हिचं लग्न ठरलं आणि माईंच्या धाकट्या बहिणीने, अंबाडीच्या कमळामावशीने, केळवणाला बोलावलं. रविवारी दुपारी, सगळ्यांनी, बाराच्या आत.

आता भिवंडीहून अंबाडीला जायचं म्हणजे वाडा रस्ता आला. त्या रस्त्याबद्दल काही बोलायचं म्हणजे आजारी माणसाच्या खाटेपाशी बसून त्याचं रोगवर्णन करण्यासारखं आहे. मानकोली, वळ या बाजूंना जागा संपली तशी गोदामं इकडेही आली, आणि गोदामांमागून कंटेनर आले. सुधीर शनिवारी रात्री जेवताना म्हणाला, "सकाळी आठला निघू. म्हणजे दुपारी पोचू कसंतरी."

"कशाला?" माई म्हणाल्या. "डोंगराकडच्या जुन्या रस्त्याने जाऊ की. तासाभरात अंबाडी."

"कुठला जुना रस्ता?"

"उंबरपाड्यावरून जाणारा. माझी एसटी जायची त्यावरून. मी पाड्यावरच्या शाळेला होते तेव्हा रोज त्याच बसने जायचे. पाटीच होती बसला, ठळक अक्षरात, अंबाडी."

सुधीरने फोन काढला, दोन बोटांनी नकाशा ताणला, आवळला, पुन्हा ताणला. "माई, यात असा रस्ता नाही."

"त्या फोनचा जन्म कधीचा?"

सुधीर आणि यामिनीने एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं माईंना आता पाठ झालं होतं. पातेलं जळल्यावर असंच पाहिलं होतं. त्या पाहण्याचा अर्थ असा की, बघ, आता रस्तेसुद्धा दिसायला लागले.

माईंनी ताटात हात धुतला. "पैज लाव. तो रस्ता निघाला तर लायटर माझा. कायमचा."

"आणि नाही निघाला तर?"

"तर मरेपर्यंत गॅसजवळ जाणार नाही. तुम्ही द्याल तेव्हा चहा घेईन. द्याल तसला घेईन."

यामिनीच्या चहाबद्दल माईंचं मत घरात सर्वांना ठाऊक होतं, त्यामुळे या वाक्याचं गांभीर्य लगेच पोचलं. रुचिरा म्हणाली, "बाबा, आजीने मोठ्ठी पैज लावली हं."

रविवारी सकाळी गाडी काढताना शेजारचे चांगदेवकाका आले. ते रस्त्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे भिवंडीतल्या कुठल्याही खड्ड्यावर ते घरच्या माणसासारखे प्रेमाने बोलतात.

"उंबरपाड्याचा रस्ता? आहे की!" ते म्हणाले. माईंनी सुधीरकडे पाहिलं. "उत्तम रस्ता आहे. मी स्वतः त्यावर डांबर घातलंय, कितीतरी वेळा."

"म्हणजे तुम्ही पाहिलाय?" सुधीरने विचारलं.

"पाहायचा कशाला? कागदावर होता ना. डांबरही कागदावरच घातलं. पूलही आहे पुढे. त्याला दर तीन वर्षांनी रंग देत होतो आम्ही. निळा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुधीर, एक सल्ला देतो. अशा रस्त्याला जाताना गाडी नवी नेऊ नये."

गाडी नवीच होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा यामिनीने अजून काढू दिलं नव्हतं.

गाव मागे पडल्यावर माई पुढच्या सीटवर ताठ बसल्या आणि रस्ता दाखवू लागल्या. अडचण एवढीच होती की त्यांच्या सगळ्या खुणा पूर्वीच्या होत्या. "ते ताडाचं झाड गेलं की उजवीकडे." ताडाच्या जागी मोबाइलचा टॉवर होता. "रहिमचाचांची सायकलची टपरी लागेल." तिथे टायरचं चार मजली दुकान होतं. फोनमधली बाई दर दोन मिनिटांनी "कृपया यू-टर्न घ्या" म्हणत होती आणि माई तिला "तू गप्प बस गं" म्हणत होत्या. शेवटी माईंना डोंगर दिसला. "तो बघ. हा काही कुणी उचलून नेला नाही." जवळ गेल्यावर दिसलं की निम्मा नेला होता, मुरमासाठी. पण उरलेला निम्मा माईंनी ओळखला आणि त्याच्या पायथ्याला, गवतातून, खरोखरच डांबराची एक जुनी पट्टी वळून गेली होती.

"घाल गाडी!" माई म्हणाल्या. वर्गात मुलांनी पाढा बरोबर म्हटल्यावर यायचा तसा आवाज आला त्यांचा.

पट्टी थोडी पुढे गेली आणि एका भल्यामोठ्या लोखंडी फाटकात शिरली. फाटकापलीकडे गोदाम होतं. गोदाम कसलं, पत्र्याचं गावच ते. फाटकावरचा रखवालदार हातात टॅब घेऊन आला.

"किसका माल है?"

"माल नाही. आम्ही अंबाडीला चाललोय. केळवणाला."

"क्या लाना है?"

"कुछ नहीं लाना है, भैया," यामिनी मागून म्हणाली, "उस पार जाना है."

रखवालदाराने टॅब पाहिला. "इसमें उस पार का ऑप्शन नहीं है. माल उतारना है, माल भरना है, या ऑडिट है. बोलो."

"अरे, हा सरकारी रस्ता आहे!" माईंनी काच खाली केली. "माझी एसटी इथून जायची. तुमचं गोदाम रस्त्यावर आलंय, आम्ही गोदामात नाही आलो."

"अम्माजी, प्रायव्हेट प्रॉपर्टी है."

"तुमच्या प्रायव्हेटच्या खाली बघा. माझा रस्ता सापडेल."

मागे दोन कंटेनर येऊन भोंगे वाजवायला लागले. रखवालदार घाबरला. त्याने यामिनीकडून तिचा मोबाइल नंबर घेतला, टॅबवर काहीतरी दाबलं आणि सांगितलं, "माल भरना, डॉक चौदह. गाडी अंदर लो, जल्दी." अशा रीतीने एक कुटुंब, केळवणाची साडी आणि खणानारळाची पिशवी यांची नोंद मालवाहू गाडी म्हणून झाली.

आत पिवळे पट्टे होते. पट्ट्यांमधून खोकी उचलणारी यंत्रं बोकडांसारखी उलटसुलट धावत होती. सुधीर घामाघूम. एकाने शिट्टी मारून त्याला डॉक चौदाकडे वळवलं, दुसरा गाडीची डिकी उघडायला धावला आणि आत मिक्सरची खोकी ठेवू लागला. यामिनीने ओरडून ती परत काढायला लावली. तेवढ्यात माई किंचाळल्या, "थांब!"

झेंड्याच्या खांबाभोवती शोभेचं हिरवं गवत लावलं होतं आणि त्यात, कुंड्यांच्या रांगेत, जुना मैलाचा दगड उभा होता. कुणी हौसेने त्याला पिवळा रंग दिला होता, पण खोदलेली अक्षरं बुजली नव्हती. अंबाडी.

 रुचिराने त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, "बाबा, लायटर."

"दगड म्हणजे रस्ता नव्हे," सुधीर म्हणाला. कर्जविभागात तो तारण पाहायलाही असाच जातो.

मागच्या कुंपणाला एक लहान फाटक होतं. पाड्यावरच्या बायका तिथून शिफ्टला येतात, म्हणून ते उघडं असायचं. सुधीरने गाडी त्यातून काढली आणि पलीकडे पुन्हा तीच पट्टी, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, मध्ये गवताची वेणी. माईंना दर वळणावर कुणी ना कुणी आठवत होतं. इथे कंडक्टर उतरून बोरं तोडायचा. इथे बस थांबवून ड्रायव्हरने एकदा घोरपड पाहू दिली होती. रुचिरा ऐकत होती आणि सुधीर, खड्डे चुकवत, नाइलाजाने ऐकत होता.

उंबरपाडा आला आणि रस्ता संपला. म्हणजे होता, पण त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नागली, म्हणजे आपली नाचणी, पसरली होती. कापून वाळवलेल्या नागलीच्या कणसांचा जाड थर, आणि त्यावर बायका काठ्यांनी झोडत होत्या. या रस्त्यावरून काही जात नसल्यामुळे पाड्याचं खळं, अंगण, क्रिकेटचं मैदान, सगळं तोच झाला होता. गाडी पाहिल्यावर बायकांनी काठ्या खाली टाकल्या. सुधीरला वाटलं, आता वाट करून देतील. एक म्हातारी हसतहसत खिडकीशी आली.

"बेस झालं! गाडी आली. फिरवा चार फेरं हिच्यावरनं."

"काय फिरवा?"

"गाडी, दादा. आमी सकालधरनं झोडतोय, हात ऱ्हायलं न्हाय. तुमचं टायर फिरलं तं दानं सुटतील. मंग जावा पल्याड."

"ही नवी गाडी आहे!"

"तं चांगलं की. जुन्या टायराला दानं चिकटतात."

माईंनी म्हातारीकडे निरखून पाहिलं. "तू मैना ना? पाटी थुंकीने पुसायचीस ती?"

म्हातारीने तोंडावर हात नेला. "अरं माझ्या द्येवा! बाय! शालंच्या बाय!" मग वळून पाड्याला ओरडली, "आगं, ह्या आमच्या बाय हायत! लई मारायच्या!"

ओळखीची अशी साक्ष निघाल्यावर सुधीरला सुटका नव्हती. माई खाली उतरून खाटेवर बसल्या, हातात काळ्या चहाचा पेला आला, आणि पतपेढीचा कर्ज अधिकारी नागलीवर गाडी फिरवू लागला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मैना काठीने दाखवत होती. "डावीकडं ऱ्हायलं, दादा! कडंला घ्या! मागं घ्या आता, न्हाय न्हाय, सरल मागं!" पोरं गाडीमागे पळत होती. रुचिराने सगळं फोनवर चित्रित केलं आणि होणाऱ्या नवऱ्याला पाठवायचा प्रयत्न केला. रेंज नव्हती, म्हणून सुधीरची त्या घरातली अब्रू संध्याकाळपर्यंत टिकली.

"बारा वाजत आले," यामिनी म्हणाली. "माई, अंबाडी किती राहिली?"

"झालं, आता पुढे सरळ."

मैना पेला घेता घेता थांबली. "अंबाडी? हतनं?"

"हो. बस जायची ना."

"बस कुटं जायची, बाय! पुडं नाला हाय. बस नाल्यावं फिरायची न् मागारी यायची. मानसं उतरून पान्यातनं पल्याड जायची, तिकडं दुसरी गाडी धरायची."

"पण बसला अंबाडीची पाटी होती."

"पाटी व्हती की," मैना म्हणाली. "पूल न्हवता. तुमी हतं शालंवर उतरायच्या, सांजला हतनंच बसायच्या. फुडं कवा आल्यात तुमी?"

माईंनी पेला खाली ठेवला. इतकी वर्षं त्या अंबाडीच्या बसने गेल्या होत्या आणि अंबाडीला कधीच गेल्या नव्हत्या. बहिणीकडे जायचं तर मुख्य रस्त्याने जायच्या, कारण घरातली माणसं बरोबर असायची. पाटी रोज वाचली होती. वाचलेल्यावर विश्वास ठेवायचा, हे तर त्यांनी दोन पिढ्यांना शिकवलं होतं.

नाल्यावर जाऊन पाहिलं. पाणी वाहत होतं आणि पुलाच्या जागी एक सिमेंटचा खांब होता. त्याच्या टोकावर एक बगळा बसला होता. निळा रंग कुठे दिसला नाही.

"लायटर," सुधीर हळूच म्हणाला. त्याला हसायला येत होतं आणि आईकडे पाहून येईनासं झालं.

"रस्ता तर निघाला ना, बाबा," रुचिरा म्हणाली.

"रस्ता अंबाडीचा ठरला होता."

माईंनी वाद घातला नाही. यावरून घरातल्यांना त्यांना काय वाटत होतं ते कळलं.

नाल्याच्या काठावर थोडी रेंज आली. कमळामावशीने पलीकडच्या गावातून दोन मोटारसायकली पाठवल्या. यामिनी आणि रुचिराने साड्या खोचल्या, चपला हातात घेतल्या आणि मैनाचा हात धरून पलीकडे गेल्या. केळवण रुचिराचं, तिला जाणं भाग होतं. माईंच्या गुडघ्यांनी नाला नाकारला. सुधीरने गाडी सोडायचं नाकारलं, कारण तिच्यावर तोवर दोन कोंबड्या आणि एक पोर बसलं होतं. मायलेकांनी मैनाच्या घरी नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. सुधीर तीन भाकऱ्या खाऊनही नाराज राहिला, हे त्यालाच जमतं.

परतीला दुसरी वाट नव्हती. ऊन उतरल्यावर गाडी मागच्या फाटकातून गोदामात आली आणि पुढच्या फाटकाशी थांबली. रखवालदार तोच होता. त्याने टॅबमध्ये पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं.

"ये गाडी तो डॉक चौदह पे खडी है."

"कहाँ खडी है? इथे आहे!"

"सिस्टम में उधर है. माल भर रहा है."

सुधीरने डिकी उघडून दाखवली. आत माल नव्हता. नागलीचं एक गाठोडं होतं, मैनाने माईंना दिलेलं. रखवालदाराच्या चेहऱ्यावर अधिकच काळजी उतरली. "ये किस कंपनी का माल है?"

अर्धा तास गेला. शेवटी तो म्हणाला, "साहब, जिसके नंबर पे एंट्री है, वो नंबर बोलो. मिल गया तो गेट खोल देता हूँ."

"माझ्या बायकोचा नंबर आहे."

"हाँ, तो बोलो."

सुधीरने खिशातून फोन काढला. तो केव्हाच मेला होता. दिवसभर नकाशाने त्याचं रक्त प्यायलं होतं. माईंचा फोन घरी होता. विसरला नव्हता, ठेवला होता, असं त्यांचं म्हणणं. रखवालदाराने स्वतःचा फोन पुढे केला. "मॅडम को लगाओ."

सुधीरने फोन हातात घेतला, अंगठा वर उचलला आणि तो तसाच राहिला. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला बायकोचा नंबर येत नव्हता. कमळामावशीचा येत नव्हता. रुचिराचा येत नव्हता. "सत्याण्णव..." तो म्हणाला. "की त्र्याण्णव?" त्याने कपाळ चोळलं. "नावाने सेव्ह आहे ना, त्यामुळे..."

"साहब, बीवी आपकी ही है ना?" रखवालदाराने विचारलं.

मागच्या कंटेनरवाल्याने भोंगा दाबला आणि सोडलाच नाही. माई इतका वेळ समोर बघत बसल्या होत्या. आता त्यांनी पर्स मांडीवर घेतली.

"मला येतो," त्या म्हणाल्या.

"येतो? सांग ना मग!"

"घरच्या फोनवरून बोटं फिरवून लावते मी. तिचा येतो, रुचिराचा येतो, कमळाचा येतो. तुझा जुना येतो आणि नवाही येतो. तुझ्या पतपेढीचा पण येतो. पण डोक्यात काही राहात नाही असं डॉक्टरांनी लिहिलंय ना. चुकले तर?"

"माई, प्लीज."

"लायटर कुठे आहे?"

"कपाटात."

"किल्ली?"

सुधीरने गाडीच्या किल्लीकडे पाहिलं. त्याच कडीत कपाटाची किल्ली लोंबत होती. त्याने गाडी बंद केली, किल्ली काढली आणि कपाटाची किल्ली कडीतून सोडवू लागला. नखाने जमेना. रखवालदाराने खिशातून चिमटा दिला. भोंगा चालूच होता. किल्ली माईंच्या पर्समध्ये पडली, पर्सची चेन लागली, आणि मग माईंनी नंबर सांगितला. दोन-दोन आकडे, सावकाश, शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जाईल असे.

"एकदम सही," रखवालदार म्हणाला, आणि फाटक उघडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला माईंनी गॅस पेटवला. आलं किसलं, चहा ठेवला, शेजारच्या शेगडीवर दूध ठेवलं आणि खुर्चीवर बसल्या. त्यांच्या मनात बस होती. ठळक अक्षरातली पाटी, आणि पाटीखाली, खिडकीशी बसलेली एक तरुण मास्तरीण, जिने कधी पुढे जाऊन पाहिलं नव्हतं. एकदा तरी बसून राहायला हवं होतं नाल्यापर्यंत, असं त्यांना वाटलं. निदान बगळा तरी दिसला असता.

मग सूं असा आवाज झाला.

माईंनी झटकन गॅस बंद केला. ओटा पुसला, शेगडी पुसली, जाळी काढून घासली, फडकं धुतलं आणि खिडकी उघडली. सात वाजता सुधीर डोळे चोळत आला, तेव्हा ओटा आरशासारखा होता आणि चहा तयार होता.

सुधीरने नाक ओढलं. "माई, काहीतरी करपल्याचा वास येतोय का?"

"मला नाही येत," माई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे कप ठेवला. "तुला काल बायकोचा नंबर आठवेना, आज नसलेले वास येतायत. एकदा डॉक्टरांना दाखवून घे बाबा."